लिहिलेल्या गप्पा

नागपूरच्या एका सुशिक्षित कुटुंबांतील ही गोष्ट आहे. घरांतील वडील गृहस्थ, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, आठ दिवसांसाठीं पुण्यास आपल्या मुलीकडे गेले होते. परतीच्या दिवशीं मुलीनें त्यांना रात्रीच्या गाडींत बसवून दिलें, आणि स्थानकाबाहेर येतां येतां घरच्या मंडळींसाठीं मोबाईलवर दोन शब्द लिहिले : "अण्णा गेले." एवढें लिहून तिनें फोन पिशवींत टाकला आणि दुचाकी सुरू केली.

हे दोन शब्द नागपुरास प्रथम वाचले ते अण्णांच्या पत्नीनें. त्या उभ्या होत्या तेथेंच घेरी येऊन पडल्या, आणि त्यांचा उजवा हात मनगटांत मोडला. मुलानें बहिणीस फोन लावला. तो कोणी उचलीना. अण्णांचा फोन त्यांच्या नेहमींच्या संवयीप्रमाणें बंद. अखेर मुलानें थरथरत्या हातानें ती वार्ता आप्तेष्टांस कळविली. बहीण घरीं पोंचून पिशवींतून फोन काढीपर्यंत पाऊण तास गेला, आणि तेवढ्या अवधींत नातलगांच्या शोकसंदेशांची रीघ लागली. दुसरे दिवशीं सकाळीं वर्धा स्थानकावर अण्णांनीं डोळे चोळीत फोन उघडला, तेव्हां आपल्याच आत्म्यास सद्गति लाभावी अशा प्रार्थना त्यांना वाचावयास मिळाल्या. पुढें या प्रकारावर घरांत पुष्कळ हंसणें झालें; परंतु मोडलेला हात सहा आठवडे गळ्यांत बांधलेलाच होता.

आतां मुलीच्या त्या वाक्याची परीक्षा केली, तर त्यांत शुद्धलेखनाची एकहि चूक सांपडणार नाहीं. कर्ता आदरार्थी बहुवचनीं, क्रियापद त्याच्याशीं जुळणारें, शेवटीं पूर्णविराम. कोणत्याहि परीक्षकानें पूर्ण गुण द्यावेत असें तें वाक्य होतें. तेंच तिनें तोंडानें उच्चारलें असतें, तर आवाजावरून, चेहऱ्यावरून, मागून येणाऱ्या स्थानकाच्या गजबजाटावरून कोणासहि त्याचा अर्थ कळला असता. कागदावर किंवा कांचेवर उतरलेल्या शब्दास आवाज नसतो, चेहरा नसतो. तो एकटाच वाचणाऱ्याच्या दारीं येतो, आणि वाचणाऱ्याच्या मनांत त्या क्षणीं जी आशा किंवा जी भीति असेल, तिचाच आवाज घेऊन बोलूं लागतो.

मराठी घरांतून या गोष्टीची जाणीव फार जुनी आहे. बाहेर पडणारा मनुष्य "जातों" म्हणत नाहीं, "येतों" म्हणतो. दिवा विझत नाहीं, तो शांत होतो. बांगडी फुटत नाहीं, ती वाढते. नव्या पिढीस हा केवळ शकुन-अपशकुनांचा भाग वाटतो, आणि कांहीं अंशीं तो तसा आहेहि. परंतु त्याच्या तळाशीं एक व्यवहाराचें शहाणपण आहे. ऐकणाऱ्याच्या काळजास विनाकारण धक्का बसूं नये, म्हणून शब्द दोनदां पारखून घ्यावा, असा त्याचा अर्थ आहे. पुण्याच्या मुलीनें "निघाले" असें लिहिलें असतें, तरी मनगट वांचलें असतें.

मोबाईलवर आज ज्याची इतकी देवघेव चालते, तें लिहिणें आहे कीं बोलणें, हा खरा प्रश्न आहे. वेग बोलण्याचा, वेष लिहिण्याचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण आतां बोटांसहि लागू पडते. त्यामुळें एक पक्ष म्हणतो कीं, या गप्पाच आहेत, येथें नियम कशाला ? दुसरा पक्ष म्हणतो कीं, हें लेखन आहे, येथें प्रत्येक वेलांटी तपासलीच पाहिजे. दोहोंची भांडणें घरोघर चालतात. परंतु मराठी लेखनाच्या इतिहासाकडे पाहिलें, तर हा तंटा पूर्वजांनीं एका सुंदर रीतीनें सोडविलेला दिसतो.

मराठीचें लेखन अनेक शतकें दोन लिप्यांत चाललें. ग्रंथासाठीं बाळबोध, आणि दफ्तर, हिशेब, पत्रव्यवहार यांसाठीं मोडी. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासांत लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. अक्षर कसें असावें, ओळींत अंतर किती असावें, पानाच्या कडेस जागा कां सोडावी, याची तेथें बारकाईनें चर्चा आहे. तारुण्यांत हौसेनें बारीक अक्षर लिहिणाऱ्यास त्यांनीं म्हातारपणच्या दृष्टीची आठवण करून दिली आहे. या उपदेशाचा एक मोठा रोख असा : वाचणाऱ्यास कष्ट पडूं नयेत.

मोडीचा बाणा वेगळा. ती घाईची लिपि. आधीं कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखालीं टांक शक्य तितका न उचलतां अक्षरें जोडीत जावयाचें. शब्दाशब्दांत अंतर ठेवण्याची पद्धति नव्हती, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तर तीत पाळलाच जात नसे. आजच्या नियमांनीं तपासलें, तर पेशवे दफ्तरांतील उत्तमोत्तम पत्रें लाल शाईनें भरून जातील. आणि तरीहि त्या पत्रांस कोणी असभ्य म्हणणार नाहीं. कारण ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेणारा तोच कारकून मायन्याची सूट कधींहि घेत नसे. वडिलांस तीर्थरूप, धाकट्यांस चिरंजीव, बरोबरीच्यांस राजश्री. आरंभीं नमस्कार किंवा आशीर्वाद, मध्यें मजकूर, शेवटीं लोभाची विनंति. घोडा दारांत उभा असला, तरी हा क्रम चुकत नसे. पूर्वजांचा निवाडा यांत स्पष्ट दिसतो. घाईच्या लेखनास शुद्धलेखनाची सवलत आहे, शिष्टाचाराची नाहीं.

मायना म्हणजे पोकळ आडंबर, असा एक समज इंग्रजी शिक्षणाबरोबर पसरला. अतिशयोक्ति त्यांत होती हें खरें. परंतु मायन्याच्या अंगीं एक मोठा उपयोग होता. "येथील सर्व क्षेम" हीं अक्षरें आरंभींच डोळ्यांस पडलीं, कीं वाचणाऱ्याचा जीव खालीं बसे, आणि मग पुढचा मजकूर तो शांतपणें वाची. उलट मृत्यूचें वर्तमान कळविणाऱ्या कार्डाच्या माथ्यावर "श्री" नसे. त्यामुळें कार्ड हातांत येतांच घरांतील प्रौढ माणूस सावध होई, तें बाजूस नेऊन वाची, आणि वाचल्यावर फाडून टाकी. आनंदाचें पत्र येई तें हळदकुंकू लावून. अशा रीतीनें मजकुराआधीं मजकुराची जात कळे. आज आनंदाची, दुःखाची, विनोदाची आणि वीजबिलाची वार्ता एकाच आवाजाची घंटी वाजवून, एकाच आकाराच्या चौकटींत येते. पूर्वसूचनेचें काम करणारें कांहींच उरलें नसल्यामुळें तें काम पहिल्या शब्दावर येऊन पडलें आहे.

मध्यंतरीं तारेचा काळ होऊन गेला. तारेंत शब्दास पैसे पडत, म्हणून लोक मोजून मापून लिहीत. आणि कित्येक घरांत तारवाला दिसतांच रडारड सुरू होई, मग ती तार मुलगा पास झाल्याची कां असेना. शुभेच्छांसाठीं तारखात्यानें ठराविक वाक्यें क्रमांक घालून ठेवलीं होतीं. पाठविणाऱ्यानें नुसता क्रमांक सांगितला, कीं पलीकडे वाक्य छापून मिळे. २०१३ च्या जुलै महिन्यांत ही तारसेवा बंद झाली. तथापि क्रमांकानें प्रेम पाठविण्याची हौस बंद झाली नाहीं. रोज सकाळीं गुलाबाच्या फुलावर "शुभ प्रभात" छापून येणारीं चित्रें त्याच कुळांतलीं आहेत.

मोबाईलवरील पहिला लेखी संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत पाठविला गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. अशा संदेशास १६० अक्षरांची मर्यादा होती. परंतु ती रोमन अक्षरांची. देवनागरींत लिहूं गेल्यास तीच मर्यादा ७० वर येई, आणि काना, मात्रा, वेलांटी हीं प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजलीं जात. आरंभीच्या पुष्कळशा फोनांवर देवनागरीची सोयच नव्हती. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालींत १९९१ पासून देवनागरीस स्थान असलें, तरी तें लोकांच्या हातांतील यंत्रापर्यंत पोंचावयास बराच काळ लागला. त्या मधल्या काळांत मराठी माणसांस रोमन लिपींत मराठी लिहिण्याची जी संवय जडली, ती सोय झाल्यावरहि सुटलेली नाहीं. परदेशीं वाढलेल्या ज्या मुलांस मराठी बोलतां येतें पण देवनागरी वाचतां येत नाहीं, त्यांच्याशीं लिहितांना तिचा उपयोगहि होतो. मात्र तिच्या मर्यादा ओळखून असावें. रोमनच्या त्याच तीन अक्षरांत काल, काळ आणि कळ हे तिघे एकाच अंगरख्यांत येतात. बरा आणि बारा यांत भेद राहत नाहीं. मला, मळा, माळा आणि माला यांची तर यात्राच भरते. पैशाची रक्कम, औषधाचें प्रमाण, भेटीची वेळ आणि आजाऱ्याची प्रकृति, एवढ्या गोष्टी तरी मराठी माणसानें मराठी माणसास देवनागरींतच कळवाव्यात, आणि संख्या आंकड्यांत लिहावी.

आवाजाची उणीव भरून काढण्याचे प्रयत्न परदेशांतहि झाले. अमेरिकेंत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत संगणकावर परस्परांस टिपणें लिहिणाऱ्या मंडळींत थट्टेचें वाक्य खरें मानलें जाऊन गैरसमज होऊं लागले. तेव्हां १९ सप्टेंबर १९८२ रोजीं स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, थट्टा असेल तेथें विसर्गासारखे दोन ठिपके, एक आडवी रेघ आणि एक कंस अशी खूण करावी; मान वांकडी करून पाहिल्यास तो हंसरा चेहरा दिसतो. आजच्या पिवळ्या हंसऱ्या मुखवट्यांचा तो एक पूर्वज. पुढें १९९५ च्या ऑक्टोबरांत अशा लेखी संभाषणाच्या शिष्टाचाराचें एक टिपणच प्रसिद्ध झालें. सारा मजकूर इंग्रजी मोठ्या लिपींत लिहिणें म्हणजे ओरडणें होय, असें त्यांत सांगितलें आहे. रागानें लिहिलेलें उत्तर एक रात्र थांबून पाठवावें, असाहि उपदेश आहे. आणि लिहितांना काटेकोर व वाचतांना उदार असावें, हें सर्वांचें सार तेथें दिलेलें आहे. देवनागरीस लहान-मोठी लिपि नाहीं, म्हणून मराठी माणसास तसें ओरडतां येत नाहीं. ती हौस तो पांच-पांच उद्गारचिन्हें देऊन भागवितो.

काटेकोर लिहावें आणि उदारपणें वाचावें, हें तत्त्व गांवच्या पारास नवें नव्हतें. पारावरच्या गप्पांस कोणी नियमावली लिहून ठेवली नव्हती, पण रीत होती. नव्यानें येणारा आधीं कांहीं वेळ ऐकून घेई आणि मग तोंड उघडी. एकाच्या घरची गोष्ट त्याच्या माघारीं दुसऱ्या गांवीं नेणाऱ्यास पुढें कोणी विश्वासांत घेत नसे. वडीलधारें माणूस आलें, कीं विषय आपोआप सौम्य होई. पराचा कावळा करणारा इसम सर्वांस माहीत असे, म्हणून त्याच्या बातमीचा भाव आधींच उतरलेला असे. मोबाईलवरच्या गटास लोक ग्रुप म्हणतात. त्या ग्रुपांत पारावर बसतात त्याहून कितीतरी अधिक माणसें बसतात, परंतु कोण आलें, कोण ऐकतें आहे, कोणाचें तोंड उतरलें, हें दिसत नाहीं. पारावर बोललेला कडू शब्द वाऱ्यावर जाई. येथें तो राहतो, पुन्हां पुन्हां वाचला जातो, आणि दहा ठिकाणीं पोंचविला जातो.

यावर शुद्धलेखनाचा अभिमानी विचारील कीं, मग भाषेची शिस्त सोडूनच द्यावयाची काय ? तसें नाहीं. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळानें लेखनाचे चौदा नियम ठरविले, आणि १९७२ सालीं त्यांत चारांची भर पडली. हे श्रम वाया घालविण्यासाठीं झालेले नाहींत. पुस्तक, वर्तमानपत्र, अर्ज, जाहीर सूचना, शाळेची वही, येथें प्रमाणलेखन पाळलेंच पाहिजे. कारण तेथें वाचणारा अपरिचित असतो आणि त्यास विचारण्याची सोय नसते. दिन आणि दीन, सुत आणि सूत यांतील भेद तेथें अर्थाचा भेद आहे. चिंचेखालच्या गप्पांत मात्र व्याकरणाची छडी घेऊन बसणाऱ्यास कोणी शास्त्री म्हणत नाहीं. आणि त्या छडीनें काय घडतें, हें पाहावयाचें असेल, तर पुन्हां नागपूरच्या त्याच घराकडे वळलें पाहिजे.

अण्णांच्या एक थोरल्या भगिनी पुण्यास भाचीजवळच राहतात. त्यांचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेलें. सत्तरी उलटल्यावर त्या मोबाईलवर लिहावयास शिकल्या, आणि घरच्या ग्रुपवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची खबर देण्याचें काम त्यांनीं आपण होऊन अंगावर घेतलें. त्यांचा संदेश ठरलेला असे. अमका गाडींत सुखरूप बसला, डबा दिला आहे, उद्यां अमक्या वेळीं पोंचेल, काळजी करूं नये. "सुखरूप" या शब्दांतले दोन्ही उकार त्या उलटे लिहीत, "गाडींत" मधली वेलांटी पहिली काढीत, आणि न-णचा भेद त्यांच्या लेखीं नव्हताच. अण्णांच्या चिरंजिवांनीं, जे मराठीचे पदवीधर आहेत, एके दिवशीं आत्याबाईंच्या संदेशावर लाल खुणा करून तो साऱ्या ग्रुपवर परत पाठविला, आणि खालीं दहापैकीं तीन गुण दिले. पुष्कळांनीं हंसरे मुखवटे टाकले. आत्याबाईंनीं हात जोडल्याचें एक चित्र पाठविलें, आणि त्या दिवसापासून लिहिणें सोडलें.

अण्णा निघाले त्या रात्रीं आत्याबाई स्थानकावर होत्या. डबा त्यांनींच बांधून दिला होता, आणि गाडी हलेपर्यंत त्या फलाटावर उभ्या होत्या. त्यांचा फोनहि त्यांच्या हातांत होता. त्यांनीं लिहिलें असतें, तर चार चुका झाल्या असत्या आणि एकाचाहि गैरसमज झाला नसता. त्या गप्प राहिल्या, आणि कळविण्याचें काम शुद्ध लिहिणाऱ्या पण घाईंत असलेल्या भाचीवर आलें.

चूक दाखवूं नये असें यांतून निघत नाहीं. ती कोठें आणि कशी दाखवावी, हा प्रश्न आहे. अर्थ बिघडत असेल, तर "आपल्याला असें म्हणावयाचें आहे ना ?" म्हणून एकट्यास विचारावें. अर्थ बिघडत नसेल, तर तोच शब्द आपल्या उत्तरांत बरोबर लिहावा. शिकणारा तेवढ्यावर शिकतो, आणि न शिकणाऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. शाळेंत सुद्धां चांगला शिक्षक सर्व वर्गासमोर वही फडकावीत नाहीं.

मराठी भाषेनें तर सभ्यतेचीं साधनें हातांत आयतीं दिलीं आहेत. "पाठव", "पाठवा", "पाठवाल का ?" आणि "पाठवावें" अशा चार पायऱ्या एकाच क्रियापदास आहेत, अनोळखी माणसास पहिल्या पायरीवरून हांक मारण्याचें कारण नाहीं. थोरांच्या प्रश्नास नुसतें "बरं" लिहिल्यास तो होकार आहे कीं रुसवा, हें त्यांना कळत नाहीं. "बरं, संध्याकाळीं करतों" असें लिहावयास दोन शब्द अधिक लागतात. ऐकीव बातमी पुढें ढकलण्यापूर्वीं ती कोणी सांगितली, हें विचारावें. मृत्यूची, अपघाताची किंवा आजाराची वार्ता लिहूंच नये. ती आवाजानें सांगावी, आणि घरांतील धीराच्या माणसास आधीं सांगावी. आणि पाठविण्यापूर्वीं एकदां तो मजकूर, तो ज्याच्या हातीं पडणार त्याच्या डोळ्यांनीं वाचून पाहावा.

हात गळ्यांतून सुटल्यावर अण्णांचे चिरंजीव पुण्यास गेले आणि आत्याबाईंच्या पायां पडून आले. परत निघतांना ते गाडींत बसले, तोंच ग्रुपवर बऱ्याच महिन्यांनीं आत्याबाईंचा संदेश आला. भाचा सुखरूप बसला, डब्यांत गूळपोळी आहे, सकाळीं पोंचेल, काळजी करूं नये. उकार पूर्वीप्रमाणेंच उलटे होते. नागपुरास त्यांच्या वहिनींनीं तो वाचला, चष्मा काढून ठेवला, आणि त्या स्वस्थ झोंपी गेल्या.